झडीत पहाडी ओवा

झड लागली की घरापुढच्या सपरीतल्या माझ्या खेपा वाढतात. आज चौथा दिवस. पाऊस जोराचा म्हणावा तर तसा नाही, पण थांबायचं नाव घेत नाही. भिंतीला हात लावला तर ओला लागतो, बरणीतल्या मिठाला पाणी सुटलंय, वाळत घातलेल्या लुगड्यांना कुबट वास यायला लागलाय. गावात मात्र सगळे खुशीत आहेत. धानाच्या रोवणीला असंच पाणी पाहिजे. आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, सकाळीच प्लास्टिक पांघरून धानाच्या बांधीत गेले. जाताना माझ्याकडं पाहून म्हणाले, "बसली काय पुन्हा तेथंच?"

बसले होते खरी. सपरीत विटांवर पाच पसरट कुंड्या मांडल्यात आणि मी त्यांच्यापुढं उकिडवी बसून एकेक काडी वर उचलून खालचं पाहत होते. मधोमध तपकिरी पडलं का? देठापाशी बुरशीचा पांढरा तंतू दिसतो का? माती दाबली तर बोटाला चिकटते का? सकाळपासून तीनदा पाहून झालं. काही नाही. तरी चौथ्यांदा पाहणार, हे मला माहीत आहे.

या कुंड्यांत पहाडी ओवा आहे. हे नाव आमच्या घरचं. माझी सून डोलमा हिमाचलातल्या लाहौलची. तिकडं उंचावर, मोठी झाडं संपतात तिथून पुढं, हा दगडांमधून जमिनीला चिकटून पसरतो. वितीएवढाही उंच होत नाही. पान तिळाएवढं, चुरडलं की थेट ओव्याचा वास. अर्धं वर्ष बर्फाखाली निपचित पडून राहतो आणि बर्फ वितळलं की पुन्हा हिरवा होतो. थंडीनं मरत नाही, वाऱ्यानं मरत नाही, मूठभर मातीत जगतो. आमच्या भंडारा जिल्ह्याच्या श्रावणात मात्र मरतो. त्याला एकच गोष्ट सोसत नाही, साचलेला ओलावा. आणि आमच्याकडं तर सगळं जगणंच त्या ओलाव्यावर उभं आहे.

माझा मुलगा प्रफुल डोंगरात रस्ते बांधण्याच्या कामावर आहे. तिथंच त्याची आणि डोलमाची गाठ पडली. लग्न करून त्यानं फोन केला तेव्हा घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोललं नव्हतं. मग ती आली, राहिली, गेली; पुन्हा आली. आम्हीही हळूहळू सैल झालो. पहिलटकरीण माहेरी जाते, पण तिला आई नव्हती. आई ऐन हिवाळ्यात आजारी पडली, बर्फानं वाट बंद होती, दवाखान्यात नेता आलं नाही, एवढंच तिनं मला एकदा सांगितलं होतं. प्रफुलची छावणी तेव्हा फार वर हलली होती. म्हणून चौथा महिना सरत असताना चैत्रात तो तिला आमच्याकडं सोडून गेला. कोंढा गावापासून आत, नाल्यापलीकडं आमचं गाव. तिच्या हातात कपड्यांची एक बॅग आणि एक पत्र्याचा डबा होता. डब्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेले तीन तळहाताएवढे हिरवे तुकडे. तिच्या आईनं घराच्या दगडी पायरीच्या फटींत लावलेल्या ओव्यातून तिनं ते काढून आणले होते.

मी म्हटलं, "बेटा, इथं चैत्रातच माणूस भाजून निघते. हे कसं जगन?"

ती म्हणाली, "गर्मी सह लेगा. पानी नहीं सहेगा."

मला ते खरं वाटलं नाही. झाड पाण्यानं मरतं हे बोलणं धान लावणाऱ्या घरात कोण खरं मानेल?

तिनं मातीची तयारी केली ती पाहायला शेजारच्या बाया येऊन गेल्या. आमची काळी-पिवळी कसदार माती तिनं चार ओंजळी घेतली आणि तिच्यात दुप्पट नदीची रेती घातली. जुन्या कौलांचे तुकडे बारीक फोडून मिसळले. शेण दाखवलं तर मान हलवली. ओवा लावून झाल्यावर बुडाभोवती खडे मांडले, म्हणजे काड्या खड्यांवर टेकतील, मातीवर लोळणार नाहीत. कुंड्या अशा जागी ठेवल्या की नऊपर्यंत ऊन लागेल आणि मग सावली. पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तेही सूर्य उगवायच्या आत. लांबलेली काडी ती वाकवून रेतीत दाबायची, वर एक दगड ठेवायची. तीन-चार आठवड्यांत तिथं मुळं फुटली की कापून दुसरं रोप.

वैशाखात ओव्यानं अंग चोरून घेतलं. पानं आणखी बारीक झाली, रंग राखाडी पडला. मला वाटलं संपलं. डोलमा म्हणाली, "सोया है." ती स्वतःही त्या दिवसांत अशीच होती. ओलं फडकं डोक्यावर घेऊन फरशीवर पडून राहायची. मळमळलं की दोन पानं चुरडून नाकाशी धरायची आणि डोळे मिटायची. त्या वेळी ती कुठं जात असेल, हे मी कधी विचारलं नाही.

मृगानंतर ती खुलली. रोवणीच्या बायांमध्ये बसून बसून तिला आमची बोली यायला लागली. "आई, मी चाय मांडून राहिली," असं ती म्हणायची तेव्हा बाया हसून लोटपोट व्हायच्या आणि तीही हसायची.

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला अजून जड जातं.

मी एकवीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. गावातली एकेक गरोदर बाई माझ्या वहीत असायची. वजन, लोहाच्या गोळ्या, पोषण आहार. आणि पाय. नडगीवर अंगठा दाबायचा, पाचपर्यंत मोजायचं आणि उचलायचा. खड्डा तसाच राहिला तर त्याच दिवशी नर्सबाईकडं पाठवायचं. सोबत डोकं दुखत असेल तर एक घटकाही थांबायचं नाही. हे मी इतक्या जणींना इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

त्या वर्षी झड लागली तेव्हा डोलमाला आठवा महिना लागला होता. आमच्याकडं रोवणी सुरू होती. वीस बायांची भाकर-भाजी, चहाच्या खेपा, धानाची रोपं, परे उपटणारे वेगळे, माझा पाय घरात ठरत नव्हता. मधल्या वेळात डोलमा ओव्यापाशी बसलेली दिसायची. झडीनं तो मधोमध तपकिरी पडायला लागला होता. तिनं कुंड्या सपरीत आणल्या, खाली विटा लावल्या, दाट झालेल्या काड्या कात्रीनं विरळ केल्या म्हणजे आतून वारा फिरेल. वारा कुठला! हवा नुसती ओल्या गोधडीसारखी अंगावर बसलेली.

तिचे पाय सुजले होते. मी पाहिले. चपलेचा पट्टा रुतत होता म्हणून ती अनवाणी फिरत होती, तेही पाहिलं. चेहरा सकाळी फुगलेला असायचा. मी मनात म्हटलं, हिला इथली हवा मानवत नाही, डोंगरातली पोर आहे, दिवसभर पाय लोंबते ठेवून बसते. एका सकाळी ती म्हणाली, "आई, डोकं दुखून राहिलं." मी म्हटलं, "झडीनं दुखते बेटा, डोकं बांधून घे," आणि भाजीनं भरलेला गंज उचलून बांधीकडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशीही ती तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशी काही म्हणालीच नाही. मी समजले थांबलं असेल.

चौथ्या दिवशी दुपारी मी ओलीचिंब होऊन घरी आले, तर ती कुंडीवर वाकलेली. मला पाहून म्हणाली, "आई, इकडं या. पानावर काळे ठिपके पडून राहिले. बीमारी आली काय?"

मी जवळ गेले. कुंडी उचलून उजेडात धरली. ठिपके दिसेनात. पान हिरवंच होतं.

"कुठं?"

"हे काय. हे, हे." ती बोट ठेवत होती. बोटाखाली काहीच नव्हतं. मग तिनं वर पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "भिंतीवर बी आहेत."

माझ्या हातातली कुंडी खाली कशी ठेवली ते मला आठवत नाही. मी तिच्या पायाशी बसले, नडगीवर अंगठा दाबला. पाचपर्यंत मोजायची गरज पडली नाही. अंगठा उचलला आणि खड्डा तसाच राहिला, त्यात पाणी साठेल एवढा.

पुढचं सगळं एका दमात झालं. ॲम्ब्युलन्सला फोन लावला तर ते म्हणाले, नाल्यापर्यंत येतो, पुढं रपट्याच्या ठेंगण्या पुलावर पाणी आहे. मी बांधीच्या दिशेनं धावत सुटले, हाका मारत. आमच्या घरचे चिखलाचे हात तसेच घेऊन आले. शेजारच्यांचा ट्रॅक्टर होता. ट्रॉलीत धानाचं तणस टाकलं, वर गोधडी, गोधडीवर डोलमा, तिच्यावर ताडपत्री धरून मी. रपट्यापाशी पोचलो तेव्हा पाणी ओसरत होतं, पण दिसत होतं गढूळ आणि वेगाचं. ट्रॅक्टर थांबला. हे पुढं उतरले आणि काठीनं तळ चाचपत पाण्यातून चालायला लागले. पाणी मांडीपर्यंत आलं, कमरेपर्यंत गेलं नाही. तेव्हा ते वळले आणि हात वर केला.

डोलमाचे डोळे मिटलेलेच होते. तिनं माझं मनगट धरलं आणि विचारलं, "आई, वाट बंद आहे का?"

"नाई बेटा. तुझे बाबा समोर चालून राहिले ना."

ट्रॅक्टरची चाकं पाण्यात शिरली. तिनं पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. नाला केवढा, वीस पावलांचा. पण त्या वीस पावलांत तिनं मला पाच-सहा वेळा विचारलं असेल. पलीकडं ॲम्ब्युलन्स उभी होती.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी रक्तदाब पाहिला आणि मान वर न करता नर्सला भराभर औषधं सांगितली. इंजेक्शनं, सलाईन, खोलीतला दिवा बंद, आवाज नको. बाहेर येऊन त्या मला म्हणाल्या, "आजचा दिवस गेला असता तर झटके आले असते. डोकं कधीपासून दुखत होतं?"

"चार दिवस," मी म्हटलं.

"घरात कोणाला माहीत नव्हतं?"

मी अंगणवाडी सेविका होते हे त्यांना सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

दोन दिवसांनी ऑपरेशन करून मुलगी झाली. रडली, पण मांजरीच्या पिलासारखं. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं. डोलमा एका मजल्यावर, पोर दुसऱ्या, आणि मी मधल्या जिन्यावर. प्रफुलचा फोन लागायचा तेव्हा आवाज तुटत तुटत यायचा. त्याला सुट्टी मिळाली, पण डोंगरात कडा कोसळून तोही अडकला होता. पेटीजवळच्या नर्सबाई रोज वजन सांगायच्या आणि मी ते आकडे मनात घोकत जिना उतरायचे.

डोलमा शुद्धीवर आल्यावर तिनं आधी पोरीचं विचारलं, मग नवऱ्याचं, मग म्हणाली, "ओवा?"

"मस्त आहे," मी म्हटलं. मला काहीच माहीत नव्हतं.

आठव्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आले. अंगणात पाय टाकला आणि सपरीत पाहिलं. तिन्ही कुंड्यांत काळा लगदा. जवळ गेले तर सडका वास. तिच्या विटा काढून ठेवलेल्या, कुंड्या ताटल्यांत बसवलेल्या, ताटल्या पाण्यानं भरलेल्या. आमच्या घरचे मागून आले. म्हणाले, "मी रोज दोन टाइम पानी टाकलं. सून घरी नाई, तिच्या झाडाची हेळसांड नको म्हटलं. तरी कायले वाळून राहिले कोणास ठाऊक."

मी त्यांच्याकडं पाहिलं. आठ दिवस एकटाच हातानं भाकर थापून खाणारा माणूस. रात्रंदिवस पाऊस पडत असताना या माणसानं सुनेच्या झाडाला आठवणीनं दोनदा पाणी घातलं होतं. मला रागही येईना, रडूही येईना.

मी कुंड्या पालथ्या केल्या. त्या लगद्यात बोटं घालून एकेक काडी चाचपली. बहुतेक दाबल्यावर फुटायच्या. पण कडेला, जिथं काड्या खड्यांवर टेकल्या होत्या, तिथं काही टोकं अजून हिरवी होती. अकरा निघाली. बोटाच्या पेराएवढी कापली, खालची पानं खुडली, जशी डोलमा करायची तशी. निव्वळ रेती तव्यावर भाजून घेतली, गार होऊ दिली, त्यात टोचली. ताटल्या फेकून दिल्या. यजमानांना म्हटलं, "याले हात लावाचा नाई. पानी नाई, काईच नाई. फक्त पाहाचं."

"पाहून काय होते?" ते म्हणाले.

मी परत भंडाऱ्याला गेले आणि आणखी दोन आठवडे खोटं बोलत राहिले. ओवा मस्त आहे. ओवा पसरतो आहे. सांगताना मी तिच्या डोळ्यांत पाहत नसे. एक दिवस पोरीचं वजन वाढायचं, दुसऱ्या दिवशी थोडं उतरायचं. अकरा टोकं आणि ते वजन, माझ्या डोक्यात दोन्हींची सरमिसळ व्हायची. मला ते बरोबर वाटायचं नाही, पण व्हायची.

आम्ही घरी परतलो तेव्हा प्रफुल आला होता, पोर त्याच्या हातात होती. नाव ठेवलं पद्मा, तिच्याकडंही चालणारं आणि आमच्याकडंही. डोलमा सपरीत आली, थबकली. रिकाम्या कुंड्या, आणि एका परातीत रेतीत उभ्या सात काड्या. चार मध्येच गेल्या होत्या.

आमच्या घरचे खाकरले आणि म्हणाले, "चूक माही आहे बेटा. मी पानी टाकलं."

डोलमानं त्यांच्याकडं पाहिलं. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही याची रोवणी केली." आणि तिला हसू फुटलं. टाके दुखत असल्यानं पोट धरून, भिंतीला टेकून ती हसत राहिली. मग सगळेच हसलो. हसता हसता यजमानांनी उपरण्यानं डोळे पुसले.

दोन दिवसांनी ऊन पडलं. ती सपरीत पोरीला घेऊन बसली होती. मी रेतीतली एक काडी अलगद उपसून तिला दाखवली. बुडाशी केसासारखी दोन मुळं. ती खूश झाली. तेवढ्यात मी बोलून टाकलं, नाहीतर कधीच जमलं नसतं.

"डोलमा, गावभर पोरींचे पाय मी दाबून पाह्यले. तुहे पाह्यले नाई. तू डोकं दुखते म्हटलं, मी निघून गेली."

ती पोरीच्या टाळूवरून हात फिरवत राहिली. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या आई. ती तसं म्हणाली नाही.

"मी वाट पाहून राहिली होती," ती म्हणाली. "बाया सांगत, आई सगळ्यांचं पाहते. मी म्हटलं, माझं बी पाहील."

सपरीच्या कौलांवरून राहिलेलं पाणी टपटपत होतं. मग तिनं पदर सावरला, पाय लांब केला आणि म्हणाली, "आता पाहा."

मी अंगठा ठेवला. दाबला. पाचपर्यंत मोजलं. उचलला. कातडी हळूच वर आली आणि सपाट झाली.

त्या गोष्टीला आता चार पावसाळे झाले. ती तिघं तिकडं आहेत, ओव्याचा वाटा माझ्याकडं राहिला. त्या सात काड्यांच्या पाच कुंड्या झाल्या. उन्हाळ्यात मला त्यांची फारशी काळजी वाटत नाही. झड लागली की मात्र जीव थाऱ्यावर राहत नाही. डोलमा फोनवर म्हणते, इतकं पाहू नका, हात लावला की देठ दुखावतो. ते मला पटतं. फोन ठेवला की मी पुन्हा जाऊन पाहते. गावात कोणाची सून पोटुशी असली की तिच्याकडंही जाते. सेवेतून निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी जाते. तिची सासू म्हणते, "काल तं पाह्यलं होतं ना बाई." मी म्हणते, "काल पाह्यलं. आज नाई."

गेल्या वर्षी पेरणी उरकल्यावर आणि रोवणीच्या आधी प्रफुल मला तिकडं घेऊन गेला. मी पहिल्यांदाच इतकं उंच गेले. दम लागत होता, कान दुखत होते. डोलमाच्या गावावरच्या चढावर आम्ही निघालो. पद्मा पुढं पळत होती, कोकरासारखी. एका वळणावर मी थबकले. सगळा उतार ओव्यानं भरलेला. दगडांच्या फटीत, पायवाटेवर, मेंढ्यांच्या लेंड्यांमध्ये, जिथं पाहावं तिथं. जांभळी फुलं, त्यांवर मधमाश्यांचा एकसारखा आवाज. कोणी खडे मांडलेले नाहीत, कोणी विटा लावलेल्या नाहीत. पद्मा त्यावरून धावत गेली. तिच्यामागून डोलमाही गेली.

मी कडेच्या दगडावर उभी राहिले. पाय टाकायला जागाच दिसेना.

"आई, काय झालं? थकल्या काय?"

"याच्यावरून चालाचं?"

"वाट इथूनच आहे," डोलमा म्हणाली. "या. त्याले काही होत नाही."

मी चप्पल काढली. मग काय वेडेपणा म्हणून पुन्हा घातली. एक पाय टाकला, दुसरा टाकला. पायाखालून वास उसळला, इतका दाट की सपरीतल्या पाच कुंड्यांचा मिळून कधी येणार नाही. चार पावलं गेले आणि मागं वळून पाहिलं. माझ्या पावलांच्या जागी काड्या चेपून बसल्या होत्या. एक हळूच हलली. बाकीच्या तशाच.

"आई, येऊन राहिल्या ना?" वरून डोलमाची हाक आली.

"येऊन राहिली," मी म्हटलं, आणि बाकीच्या उठतात का ते पाहत तिथंच उभी राहिले.